हजेरीत घरचं नाव

‘मगदूम चंदना बाहुबली’ हे नाव मगदूम सरांनी पुकारलं आणि शेवटच्या बाकावरून उत्तर आलं, “हजर.” सरांचं पेन तोवर पुढच्या नावावर गेलंही होतं. या नावाला उत्तर यायचं ते पहिल्या बाकावरून, राजनंदिनीच्या तोंडून. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. अर्धमागधीच्या वर्गात पटावर नावं हवी तेवढी होती, बसायला मात्र दोघीच यायच्या, राजनंदिनी आणि अनुजा. न आलेल्यांची नावं त्या दोघींनी आपसांत वाटून घेतली होती. सरांनी नाव घ्यावं, त्यांनी आळीपाळीनं हजर म्हणावं, सरांनी खूण करावी, की झाला विषय जिवंत. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, सर डोळे कागदावर ठेवून हजेरी घ्यायचे, एवढाच फरक. पण आजचा आवाज राजनंदिनीचा नव्हता. तो आवाज सर रोज पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत होते, गोठ्यात म्हशीला दटावताना, दुधाच्या मापावरून डेअरीवाल्या गुंडूशी भांडताना. पेन थांबलं. मान वर करायला त्यांना जरा वेळ लागला. शेवटच्या बाकावर त्यांची बायको बसली होती. हळदी रंगाची सुती साडी, तेल लावून चापून विंचरलेले केस, पुढ्यात कोरी वही आणि दोन्ही कोपरं बाकावर. घरात ती अशी कधी बसत नव्हती. घरात ती बसतच नव्हती. “बसा,” सर म्हणाले, ती बसलेलीच असताना. अनुजानं ओढणी तोंडावर धरली.

काय करावं ते सरांना सुचेना. तिला बाहेर बोलवावं तर पोरींसमोर बभ्रा, न बोलवावं तर तासभर तिच्यासमोर उभं राहायचं. ती कशाला आली असेल? घरी काही झालं म्हणावं तर ही वही घेऊन कशाला बसली असती? चिडून आली म्हणावं तर तोंडावर राग नव्हता. चंदनाचा राग सर ओळखून होते. तो आधी भांड्यांत उतरायचा आणि मग बोलण्यात. आणि एकदम त्यांना शनिवार आठवला. विषय बदलायची, नाव काढायची मुदत शनिवारपर्यंत होती. ती नाव काढून घ्यायला आली असेल तर? पटावरची संख्या काठावर होती. एक नाव गळलं की किमान संख्या भरत नव्हती, संख्या भरली नाही की विषय बंद, विषय बंद की पद बंद, आणि पदाच्या मागून सरकारचं अनुदान. सरांच्या पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती, संस्थेनं अतिरिक्त ठरवून कुठंतरी दुसरीकडं टाकलं असतं, पगार चालूच राहिला असता. भीती वेगळीच होती. उपाध्ये सरांनी उभा केलेला हा विभाग आपल्या हातात मरणार, आणि पुढं कुणी विचारलंच तर लोक सांगणार, मगदुमाच्या काळात बंद पडला. गेली कितीतरी वर्षं हीच भीती ते उशाला घेऊन झोपत होते.

उपाध्ये सरांच्या वेळी या खोलीत पोरं मावत नव्हती. जैन बोर्डिंगातली पोरं यायची, शिरोळ-हातकणंगल्याची, सीमेपलीकडच्या निपाणीकडची, बापाला अप्पा आणि भावाला अण्णा म्हणणारी. कुणी धर्मासाठी यायचं, बरेचजण मार्कांसाठी, कारण या विषयाला मार्क पडायचे. उशिरा येणारी दारात उभी राहून लिहून घ्यायची. बाहुबली मगदूम त्यांतलाच एक. मग गावोगावी इंजिनिअरिंगची कॉलेजं निघाली, मग फार्मसीची, आणि बोर्डिंगातली पोरं तिकडं वळली. मग ती कॉलेजंही ओस पडली आणि पोरं पुण्याला नाहीतर एमआयडीसीत गेली. कॉलेजात पोरीच जास्त दिसायला लागल्या, त्या आल्या ते बरंच झालं, पण त्यांना भूगोल हवा, मानसशास्त्र हवं, स्पर्धा परीक्षेला चालेल ते हवं. नवं धोरण आलं, मुख्य विषय, दुय्यम विषय, अमुक श्रेयांक, तमुक श्रेयांक, आणि त्या भेळेत अर्धमागधी म्हणजे शेंगदाण्याचा एखादा चुकार दाणा. सगळ्यांत मोठी गंमत सरांच्या पदाची होती. सर अनुदानावर कायम, आणि वर्गात दोघी. नव्या इमारतीत भूगोल शिकवणाऱ्या क्रांती मॅडम तासिका तत्त्वावर, दर जूनला नव्यानं नेमणूक, मानधन कधी दिवाळीला कधी होळीला, आणि वर्गात बसायला जागा नाही. भूगोलाचं कायम पद तिथले सर निवृत्त झाले तेव्हापासून मोकळं होतं, भरायची परवानगी काही येत नव्हती. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं ही म्हण स्टाफरूममध्ये कुणी वापरली की मगदूम सर पेपर वाचायला घ्यायचे. क्रांती मॅडम कधी बोलल्या नाहीत. सर दिसले की त्या उठून उभ्या राहायच्या, आणि तेच सरांना सोसायचं नाही.

“पान काढा,” सर म्हणाले. दोघींनी मोबाईलवर पान काढलं, तिसरीनं पुस्तक काढलं. ते पुस्तक सरांनी ओळखलं, ते त्यांच्याच कपाटातलं होतं. आजचा धडा एका व्यापाऱ्याचा होता. तो गलबत भरून परदेशी निघतो आणि किनारा सोडताना रडतो, एवढीच गोष्ट. हा धडा सरांनी इतक्यांदा शिकवला होता की तोंड शिकवत राहायचं आणि मन बावड्याच्या घरच्या उसात पाणी सोडायला जायचं. आज मन कुठं जाईना. ती समोर होती. वाक्य सुरू केलं की ते तिच्या कानांनी त्यांना स्वतःलाच ऐकू यायचं, आणि किती शिळं, किती घोटीव वाटायचं. या धड्यात एका जागी सरांचा एक विनोद होता, व्यापाऱ्याच्या बायकोनं दिलेल्या शिदोरीचा. दरवर्षी त्याच जागी, त्याच शब्दांत. चंदनानं तो लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ऐकला होता, नंतर पाहुण्यांसमोर, जावयासमोर, असा कितीतरी वेळा. ती जागा जवळ आली तशी सरांच्या कपाळावर घाम आला. सांगावा की गाळावा? त्यांनी तो गाळला. गाळल्यावर एकदम मोकळी जागा पडली आणि त्या जागेत काहीतरी बोलणं भाग होतं. मग ते बोलले की, हा माणूस रडतो कशाला, मला कधी कळलेलं नाही. याला जायचंय, यानंच गलबत भरलंय, मग रडणं कशाचं? हे वाक्य त्यांनी आधी कधी उच्चारलं नव्हतं. पोरींनी मोबाईलवरून माना वर केल्या. सर मग पुस्तक मिटून बोलत राहिले, अडखळत, शब्द शोधत, आणि शिकवायला लागल्या वर्षीची ती धडधड त्यांना छातीत लागली. शेवटच्या बाकावर पेन चालत होतं. काय लिहीत होती कोण जाणे.

चंदनाचं नाव पटावर घातलं तो दिवस त्यांना आठवला. मे-जूनमध्ये कॉलेजची मास्तरमंडळी गावं वाटून घेऊन दारोदार पोरं गोळा करत हिंडतात. बारावीचा निकाल हातात धरून, घामाघूम, तुमची पोरगी आमच्याकडं द्या म्हणत. सरांच्या वाट्याला गडमुडशिंगी आली होती, म्हणजे सासुरवाडीच. तिथं पिराजी नावाच्या माणसाच्या दारात जाऊन त्यांनी आणि ग्रंथपालांनी विचारलं, तुमची अनुजा बारावी झाली ना, जरा बोलायचं होतं. पिराजीनं दोघांकडं वरून खालपर्यंत बघितलं, सतरंजी घातली आणि आत हाक मारली. दोन पोक्त माणसं, इस्त्रीचे कपडे, पोरीचं नाव विचारत आलेली! पोहे आले, चहा आला, आणि पाठोपाठ साडी नेसून खाली मान घालून अनुजा आली. पिराजीची आई बाळाबाई म्हातारी तिच्या शेजारी बसून म्हणाली, “पावणं, पोरगी कामाला वाघ हाय. मुलगा काय करतोय ते तर सांगा की.” मुलगा नाही, कॉलेज आहे, असं सरांनी पोह्यांची बशी खाली ठेवून सांगितलं. म्हातारी म्हणाली, “म्हंजी न्ह्यायला आलाय, पर नांदवणार न्हाय व्हय?” सगळे हसले. अनुजा सगळ्यांत जास्त हसली आणि तिनं प्रवेश घेतला. एवढं हिंडूनही एक नाव कमी पडलं. त्या दिवशी सर घरी आले तेव्हा चंदना सोप्यात शेंगा निवडत होती. सर म्हणाले, “तुझं बारावीचं सर्टिफिकेट हाय न्हवं? नुसतं नाव लागतंय. तुला यायचं न्हाय, बसायचं न्हाय.” तिनं शेंगांवरून हात काढला नाही. “बरं,” म्हणाली. बारावीला ती गावात पहिली आली होती, आणि निकालाच्या महिन्यातच तिचं लग्न ठरलं होतं. हे सरांना ठाऊक होतं. लग्नाच्या बैठकीत तिच्या वडलांनी ते मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं आणि सरांच्या वडलांनी मोठ्या अभिमानानं ऐकलं होतं. पुढं तो विषय कुणी काढला नाही.

घंटा झाली. दोघी पोरी एकमेकींना ढकलत बाहेर गेल्या, पण लांब नाही, दाराआड त्यांची कुजबुज ऐकू येत होती. चंदना उठली, बाकांमधून वाट काढत टेबलापाशी आली आणि म्हणाली, “सर.” आणि आपणच हसली. “काय म्हणू आता तुम्हाला?”

“इथं कशाला आलीस?”

“नाव हाय की माझं. तुम्हीच घातलासा.”

“अगं पण नुसतं नाव...”

“मोबाईल नंबर बी माझाच घातलासा न्हवं. रोज मेसेज येतोय. उपस्थिती अनिवार्य, उपस्थिती अनिवार्य. जल्मात मला कुणी एवढं बोलवलं न्हाय. म्हटलं, जाऊन तर बघावं.”

सरांनी खुर्ची ओढली पण बसले नाहीत. “कवापासनं येतीयास?”

“आठ दिस झालं. तुम्ही सकाळी निघता, मी म्हशींचं आवरतो आनि मागनं केएमटीच्या बसनं येतो. नव्या बिल्डिंगीत. भूगोलाला.”

ती सांगत गेली आणि सर ऐकत गेले. परवा क्रांती मॅडमनी पंचगंगेचं सांगितलं म्हणे. “मी पंचवीस वर्सं त्या नदीचं पाणी उसाला पाजतोय, आनि ती कुठनं येती ते मला म्हाईत न्हवतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. चार दिसत्यात. पाचवी सरस्वती, ती कुणालाच दिसत न्हाय, नुसती नावाला.” हे सांगताना तिचे हात हवेत चार दिशांनी येऊन प्रयाग चिखलीच्या संगमावर मिळावेत तसे मिळाले. सरांनी इतक्या वर्षांत त्या हातांना वैरण टाकताना, भाकरी थापताना, दिव्याची वात वळताना पाहिलं होतं, नदी काढताना पाहिलं नव्हतं. पुढच्या महिन्यात पोरी पन्हाळ्यावर मोजणीला जाणार होत्या, दुर्बीण लावून, पट्टी धरून. तीही जाणार होती. तिनं आपलं नाव दिलंही होतं. “शनिवारच्या आत विषय बदलता येतोय म्हनं. मी भूगोल घेणार. मुख्य.”

“मग आज इथं?”

चंदना जरा ओशाळली. साडीच्या पदराला बोट गुंडाळत म्हणाली, “न ऐकताच नको म्हणायचं बरं दिसत न्हाय. म्हटलं, एकदा तुमचाबी तास ऐकावा.”

सरांनी विचारायचं नाही असं ठरवलं आणि विचारलं, “कसा झाला?”

“चांगलं शिकवता की! गलबताचं तर लई चांगलं सांगितलासा. पर ह्ये मी जल्मभर घरात ऐकलंय. त्यासाठनं कॉलेजात कशाला येऊ?”

सर आता दुःखाची वाट बघत उभे राहिले. उपाध्ये सर आठवले, दारात उभी राहून लिहिणारी पोरं आठवली, सगळं मुद्दाम आठवून पाहिलं. उशाची ती भीती कुठं आहे म्हणून चाचपून पाहिली. ती नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण वर्षानुवर्षं मूठ झाकून धरणाऱ्याचा हात किती दुखतो ते कुणी सांगत नाही. दर जूनला लोकांच्या दारात उभं राहणं, दर तासाला कागदावर डोळे रोवणं, दर तपासणीला खोटी हजेरी पुढं करणं, आणि हे सगळं कुणासाठी, तर जो विषय आपल्याला मनापासून आवडला होता त्याच्यासाठी. त्याला आवडीनं शिकवायचं सोडून ते त्याच्या नाकाशी सूत धरून बसले होते. आज विनोद गाळला तेवढ्या मोकळ्या जागेत तो जरा वेळ खराखुरा जगला होता. तेवढं पुरे होतं. सरांना स्पष्ट वाटलं की तेवढं पुरे आहे, आणि त्यांचे खांदे खाली आले. डोळ्यांत पाणी आलं तेही त्यांनी लपवलं नाही. “ह्यॅ, रडायला काय झालं?” चंदना घाबरून म्हणाली, “तुमाला एवढं वाटत आसंल तर ऱ्हाऊ दे की माझं नाव. मी काय...” “न्हाय,” सर म्हणाले, “न्हाय, न्हाय. तू जा. जायलाच पायजे.”

तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. आकडे शनिवारी वर जायचे होते. “मगदूम सर, तुमचा विषय काठावर हाय हां, सांभाळा.” सर म्हणाले, “एक नाव कमी होतंय.” कोण, म्हणून विचारलं तर म्हणाले, “आमचं घरचं.” पलीकडून मोठा हशा आला. “मग वहिनींच्या जागी भावजयीचं घाला की! आधारकार्ड तेवढं पाठवून द्या, बाकी मी बघतो.” ही युक्ती मागच्या शनिवारी कुणी सांगितली असती तर सरांनी भावजयीला तिथल्या तिथं फोन लावला असता, हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं. “न्हाय घालत, सर,” ते म्हणाले. “विषय मिटवा आता. मला संस्था कुठं पाठवील तिथं मी जातो.”  प्राचार्य हलक्या आवाजात म्हणाले, “उद्या या, बोलू,” आणि त्यात सरांना चक्क हायसं वाटल्याचा सूर जाणवला. त्यांच्याही डोक्यावर हे ओझं होतं तर!

दाराआडच्या पोरी आता दारात आल्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. सर त्यांना म्हणाले, तुमचं नुकसान होऊ देणार नाही, अर्धमागधी शिकायची असेल तर बावड्याला घरी या, हवं तेवढं शिकवतो. राजनंदिनीनं अनुजाकडं बघितलं. अनुजानं चपलेनं फरशी घासली. “सर, रागावू नका,” ती म्हणाली, “आमालाबी भूगोलच घ्यायचा हुता. तुमी घरापातूर आलासा, पोहे खाल्लासा. मग न्हाय कसं म्हणायचं? मी जाऊ म्हटलं की राजनंदिनी म्हणायची, आपुन गेलो तर सर एकटंच ऱ्हातील.” सर त्या दोघींकडं बघत राहिले. त्यांना वाटत होतं, आपण या पोरींना धरून ठेवलंय, आणि त्या आपल्यापरीनं त्यांनाच धरून होत्या. मग त्यांना असं हसू आलं की खुर्चीच्या पाठीला धरावं लागलं. आधी चंदना हसली, मग पोरी हसल्या, आणि त्या रिकाम्या खोलीत बऱ्याच वर्षांनी गलका झाला. “पळा,” सर डोळे पुसत म्हणाले, “भूगोलाचा तास लागला आसंल. पळा!”

पोरी खरोखरच पळाल्या. चंदनाला पळता येत नव्हतं, तिचा गुडघा दुखायचा. सर तिच्या बरोबरीनं निघाले, मैदान ओलांडून, नव्या इमारतीचे जिने चढून. वाटेत भेटलेल्या शिपायानं दोघांना बघून रामराम घातला, आणि सरांनी त्याला कुठलंही कारण सांगितलं नाही. भूगोलाच्या वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. “सरका गं जरा,” चंदना म्हणाली, आणि चार पोरी चटदिशी सरकल्या, “या काकू, या,” म्हणत. फळ्यापाशी उभ्या असलेल्या क्रांती मॅडमनी दारात मगदूम सर बघितले, हातातला खडू खाली ठेवला आणि लगबगीनं बाहेर आल्या. “सर? तुम्ही? काही काम होतं का?”

“न्हाय ओ,” सर म्हणाले. “बायकोला सोडायला आलोय. तास कवा सुटतोय?”